कुमारी कारेन येप्पे

मुंबईच्या कोट विभागात आर्मेनियन लोकांचे एक जुने उपासनामंदिर आहे. त्याची स्थापना १७९६ साली झाली. त्या वाटेने जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते की, हे आर्मेनियन लोक कोण आणि ते येथवर कसे आले. जे आले ते व्यापारी होते. सुरत, मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे त्यांचा व्यापार चाले. परंतु त्यांचे बहुसंख्य भाऊबंद तुर्कस्तानच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखात शेती करून, लोखंड ठोकून, कापड विणून पोट भरीत असत. परंपरेप्रमाणे ३०१ साली त्यांच्या राजाने ख्रिस्ती धर्म हा राज्याचा धर्म म्हणून स्वीकारला, आणि तेव्हापासून त्या लोकांनी पुष्कळ हाल सोसून तो टिकविला. ह्याच लोकांच्या अनाथ लेकरांस अक्षरे शिकविण्यात व त्यांस पुन्हा माणसांत आणण्यात जिने आपले आयुष्य वेचले, त्या कुमारी कारेन येप्पे ह्यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

येप्पेबाईंचा जन्म १ जुलै १८७६ रोजी डेन्मार्क देशातील ग्युलिंग नावाच्या खेड्यात झाला. वडील शाळेचे शिक्षक होते. शिक्षकाच्या घरी पुस्तकांची संगत फुकट मिळते आणि बाकी सर्व बेताचेच असते, हे आमच्या मंडळ्यांतील शिक्षकांस सांगावयास नको. मुलगी बुद्धीने तल्लख निघाली. तिला पुढील शिक्षणासाठी कोपनहेगन येथे पाठविले. पण तेथील विश्वविद्यालयाचा अभ्यास पुरा झाला नाही, आणि ती राजधानीजवळ ओर्द्रुप येथील शाळेत शिकवू लागली. गणितात तिची गती चांगली होती, आणि मागे पडलेल्या मुलांस पुढे आणण्याची हातोटी तिला साधली होती. काम बरे, शाळा चांगली, माणसे ओळखीची. अशा ठिकाणी मनुष्य सहज म्हातारा होतो.

१९०२ साली ओगे मेयर बेनेडिक्टसेन ह्या डॅनिश गृहस्थांचे व्याख्यान तिने ऐकले. हे गृहस्थ आर्मेनियन लोकांत हिंडून आले होते, आणि तेथे जे झाले होते ते लोकांस सांगत होते. ते काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे.

सुलतान दुसरा अब्दुल हमीद ह्याच्या कारकीर्दीत १८९४ ते १८९६ ह्या वर्षांत तुर्कस्तानात आर्मेनियन लोकांच्या ठिकठिकाणी कत्तली झाल्या. लाखाहून अधिक माणसे मेली असा सावध अंदाज आहे. उर्फा शहरात २८ व २९ डिसेंबर १८९५ ह्या दोन दिवसांत जे घडले ते विशेष भयंकर होते. जीव वाचविण्याकरिता लोक आपल्या मोठ्या उपासनामंदिरात शिरले, आणि मंदिरास आग लावण्यात आली. त्या एका ठिकाणी सुमारे ३००० माणसे होरपळून मेली. अमेरिकन बोर्डाच्या कुमारी कोरिना शॅटक त्या वेळी उर्फ्यात एकट्याच राहत होत्या. हेच बोर्ड ज्याने १८१३ साली मुंबईस व १८३१ साली अहमदनगरास आपले मिशनरी पाठविले. शॅटकबाईंनी शहर सोडून जाण्याचे नाकारले, आणि आपल्या घरात व आवारात सुमारे २४० जीवांस आसरा दिला. पुढे विधवांस काम व पोरक्या मुलांस धंदेशिक्षण देण्यात त्यांची उरलेली वर्षे गेली. त्यांचेही चरित्र सांगण्याजोगे आहे. पण आजचा विषय तो नव्हे.

ही कत्तल ऐकून जर्मनीतील योहान्नेस लेप्सियस नावाचे पाळक स्वतः तो मुलूख पाहण्यास गेले. त्यांनी उर्फ्यास अनाथालय उघडले व विधवांसाठी गालिचे विणण्याचा कारखाना घातला. अनाथालयातील शाळेस शिक्षिका पाहिजे होती. बेनेडिक्टसेन ह्यांच्या व्याख्यानानंतर येप्पेबाईंनी लेप्सियस ह्यांच्याशी पत्रव्यवहार केला, आणि १९०३ च्या अखेरीस, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या उर्फ्यास येऊन दाखल झाल्या.

उर्फा म्हणजे जुन्या काळचे एदेस्सा. अब्राहाम जेथे आपल्या बापाबरोबर राहिला ते हारान तेथून दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरांवर आहे. आर्मेनियन लोकांच्या लेखी ह्या गावाचे आणखी एक महत्त्व आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी मेस्रोप माश्तोत्स नावाच्या साधुपुरुषाने आपल्या लोकांसाठी लिपी तयार केली, तेव्हा अक्षरांच्या शोधात तो एदेस्सास येऊन राहिला होता. लिपी सिद्ध होताच तिच्यात पवित्र शास्त्राचे भाषांतर झाले. राज्य गेले, राजे गेले, तरी ती छत्तीस अक्षरे गेली नाहीत. म्हणून आर्मेनियन मनुष्य आपल्या मुळाक्षरांकडे नुसत्या शाळेच्या सामानाप्रमाणे पाहत नाही.

येप्पेबाई आल्या तेव्हा त्या अक्षरांची शाळेत काय दशा होती? मुले ती घोकत. आमच्या देवनागरीत एक सोय आहे, तिचे मोल आपणांस कळत नाही. क ह्या अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार ही एकच आहेत. आर्मेनियन लिपीत तसे नाही. तेथे प्रत्येक अक्षरास स्वतंत्र नाव आहे: आइप, पेन, किम, अशी ती माळ चालते. भाकरीला त्या भाषेत हात्स म्हणतात. तो शब्द लिहिण्यास जी तीन अक्षरे लागतात त्यांची नावे हो, आइप आणि त्सो. आता हो, आइप, त्सो असे मोठ्याने म्हणून पोराच्या डोळ्यांपुढे भाकर कशी यावी? हुशार मुले कशीबशी पल्ला गाठीत; बाकीची पानेच्या पाने पाठ करून वाचल्याचे सोंग करीत.

हे सोंग आम्ही स्वतः पाहिले आहे. लहानपणी एका खेड्यातील शाळेत आमच्या शेजारी बसणारा मुलगा वाचनमालेचा धडा खडाखड म्हणत असे. एके दिवशी शिक्षकांनी त्याच्या हातातील पुस्तकाचे पान हळूच उलटले. तो थांबला नाही. मागचाच धडा म्हणत राहिला. वर्गात हशा पिकला, आणि तो मुलगा पुढे शाळेत फार दिवस टिकला नाही. त्याला वाचता येत नाही हे तीन वर्षे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. आम्हांस तेव्हा हसू आले होते. आता येत नाही.

येप्पेबाईंनी प्रथम आपण आर्मेनियन भाषा शिकून घेतली. तुर्की व अरबीही शिकल्या. मग त्यांनी अक्षरांची नावे बाजूस ठेवून त्यांच्या उच्चारांपासून आरंभ केला, म्हणजे मुलाला अक्षर दिसताच त्याचा ध्वनी सुचावा व ध्वनी जोडून शब्द उठावा. मुले झपाट्याने वाचू लागली. परक्या देशातून आलेली बाई आर्मेनियन मुलांना आर्मेनियन वाचावयास आर्मेनियन शिक्षकांपेक्षा लवकर शिकविते, ही बातमी पसरली, आणि दुसऱ्या ठिकाणचे शिक्षक ती रीत पाहण्यास उर्फ्यास येऊ लागले. ह्यात त्या शिक्षकांचाही मोठेपणा आम्हांस दिसतो.

शाळेतून निघालेल्या अनाथ मुलाने पुढे काय करावे, हा प्रश्न तेथेही होता. त्याला ना घर, ना जमीन, ना भांडवल. म्हणून पुस्तकाबरोबर हातास धंदा शिकविणे भाग होते. येप्पेबाईंनी मिसाक नावाच्या एका अनाथ मुलास आपला मुलगा मानून वाढविले. पुढे एका मुलीसही घरी घेतले. एकदा मायदेशी जाऊन परत आल्यावर त्यांनी उर्फ्याजवळच्या डोंगरात जमीन घेऊन आर्मेनियन लोकांस शेती व द्राक्षमळे करून देण्याचा उद्योग आरंभिला. १९०८ साली तुर्कस्तानात राज्यक्रांती होऊन घटना पुन्हा अमलात आली होती. लोकांस वाटले, वाईट दिवस संपले. दुसऱ्याच वर्षी अदाना प्रांतात पुन्हा हजारोंची कत्तल झाली.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. १९१५ साली सरकारने आर्मेनियन लोकांस घरांतून काढून सिरियाच्या वाळवंटाकडे हाकलण्यास आरंभ केला. पुरुषांस बहुधा आधीच वेगळे काढून मारीत. स्त्रिया, म्हातारे व मुले पायी चालविली जात. उत्तरेकडून आलेले हे तांडे उर्फ्यावरून जात. अन्न नाही, पाणी नाही, अंगावर धड वस्त्र नाही. त्या वर्षी ऑगस्टात उर्फ्यातील लोकांवरही हात पडला. सप्टेंबरच्या अखेरीस तेथील आर्मेनियनांनी आपल्या मोहल्ल्यात मोर्चे बांधून प्रतिकार केला. तोफा आणून तो मोडण्यात आला, आणि ती जुनी वस्ती बहुतेक नाहीशी झाली. युद्धाच्या ह्या वर्षांत सबंध तुर्कस्तानात जे आर्मेनियन मेले त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक धरतात.

येप्पेबाई उर्फ्यातच होत्या. घराच्या जमिनीखाली जागा करून त्यांनी तेथे माणसे लपविली. शोध घेणारे वर फिरत, खाली माणसे श्वास धरून बसत. हे एकदोन दिवस नव्हे, दीर्घकाळ चालले. मिसाक वाचला. लपविलेल्यांपैकी आणखी काही वाचले. पण ज्या मुलांनी त्यांच्यापुढे बसून पहिला शब्द वाचला होता, ज्या तरुणांनी नुकते घर मांडले होते, त्यांच्यापैकी किती उरले? बाईंची प्रकृती खचली, आणि १९१८ साली त्यांना डेन्मार्कला परतावे लागले.

येथे आम्ही थोडे थांबतो. बारा वर्षे शाळा चालविली, आणि शेवटी शाळा नाही, विद्यार्थी नाहीत, गावही नाही. अशा वेळी मनुष्याच्या मनात जो प्रश्न येतो तो आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात लहान प्रसंगी आला असेल. पटकीच्या साथीत किंवा दुष्काळात ज्या पालकांचे शिकविलेले मूल गेले, त्यांनी आमच्या वडीलधाऱ्या पाळकांस तो विचारला आहे, आणि सर्व पाळकांस त्याचे उत्तर देता आले आहे असे आम्ही म्हणणार नाही. येप्पेबाईंनी त्यावर ग्रंथ लिहिला नाही. तीन वर्षांनी, १९२१ साली, त्या परत गेल्या. ह्या वेळी उर्फ्यास नव्हे, तर सिरियातील आलेप्पो शहरी. त्या वेळी त्या पंचेचाळीस वर्षांच्या होत्या.

आलेप्पोत तेव्हा फ्रेंचांचा अंमल होता. युद्धातून उरलेले लोक तेथे गोळा झाले होते, आणि १९२१ च्या अखेरीस फ्रेंच सैन्य किलिकिया प्रांतातून निघाल्यावर आणखी हजारो निर्वासित आले. गावाबाहेर पत्रा, लाकूड, गोणपाट मिळेल त्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या. अमेरिकेतील निअर ईस्ट रिलीफ ह्या संस्थेने त्या वर्षांत निरनिराळ्या देशांत मिळून सुमारे १,३२,००० अनाथ मुलांस पोसले व शिकविले. परंतु एक प्रकारची मुले कोणत्याच अनाथालयात नव्हती. वाळवंटाच्या वाटेवर ज्यांस पळवून नेले, विकले, किंवा मरू घातलेल्या आईने जगावे म्हणून परक्याच्या हाती दिले, ती मुले व तरुण स्त्रिया अरब, कुर्द व तुर्क लोकांच्या घरांत आणि तंबूंत पसरलेली होती. कोणी गुलामासारखी राबत होती, कोणाशी जबरीने लग्न लावले होते. कोणास घरच्यासारखे वागवून वाढविले होते, हेही न सांगणे अन्यायाचे होईल.

राष्ट्रसंघात हा विषय निघाला तेव्हा डेन्मार्कच्या प्रतिनिधींपैकी हेनी फोर्खहामर ह्या बाईंनी तो लावून धरला, आणि आलेप्पो येथील कामासाठी येप्पेबाईंची आयुक्त म्हणून नेमणूक झाली. त्यांनी एक आश्रयगृह उघडले. निरनिराळ्या गावी विश्वासू माणसे ठेवली. ती तंबूंतून, वाड्यांतून बातमी काढीत व सुटू इच्छिणाऱ्यांस वाट दाखवीत. कित्येकजण रात्रीचे स्वतःच चालत आले.

आश्रयगृहात एक वही होती. येणाऱ्या प्रत्येकाचे छायाचित्र घेऊन त्याखाली नाव, बापाचे नाव, जन्मगाव, अंदाजे वय आणि थोडक्यात हकीकत लिहीत. १९२२ ते १९३० पर्यंत अशा सुमारे १७०० नोंदी झाल्या. त्या अद्यापि जिनीव्हा येथील दप्तरखान्यात जतन केलेल्या आहेत. मुलींच्या कपाळावर व हनुवटीवर तंबूंतील चालीप्रमाणे निळे गोंदण दिसते. मुलगे गुराख्याच्या पोशाखात आहेत. पाचसहा वर्षांचे असताना नेलेले मूल तेरा वर्षांचे होऊन आले तर त्याला काय आठवणार? कोणास गावाजवळची नदी आठवे, कोणास आईचे नाव, कोणास काहीच नाही. पुष्कळांस स्वतःची भाषा बोलता येत नव्हती. ती अरबीत किंवा कुर्दीत सांगत की आम्ही आर्मेनियन आहोत.

ज्या बाईंनी उर्फ्यास अक्षरे शिकविण्याची रीत बसविली होती, त्यांच्यापुढे आता असे विद्यार्थी आले की, ज्यांस अक्षराच्या आधी शब्दच शिकवावयाचा होता. भाकरीस काय म्हणतात, पाण्यास काय म्हणतात, आईस कशी हाक मारतात, येथून आरंभ. मोठमोठी पोरे लहान मुलांबरोबर बसत. भाषेबरोबर काम शिकविले जाई: मुलींस शिवण व भरतकाम, मुलांस कारागिरी. भरतकामाचे कापड डेन्मार्कला जाऊन विकले जाई. एकीकडे नातेवाइकांचा शोध चाले. सापडलेल्यांची नावे आर्मेनियन वर्तमानपत्रांत छापून येत, आणि कोणा मुलाचा मामा, कोणाची थोरली बहीण दूर देशातून पत्र पाठवी. अशा रीतीने बरीच मुले आपल्या माणसांस मिळाली. ज्यांचे कोणीच उरले नव्हते, त्यांस मिळकतीचे साधन होईपर्यंत ठेवून घेत.

ह्या कामात एक दुःख असे होते की, ज्यावर कोणाचाही इलाज नव्हता. जबरीने लग्न झालेल्या स्त्रियांस मुले झाली होती. तंबू सोडावा तर मूल मागे राहते. मुलासाठी राहावे तर आपले लोक कायमचे सुटतात. काही आल्या आणि मुलांसाठी रडत राहिल्या. काही आल्याच नाहीत. त्यांस दोष देण्यास आमचे मन धजत नाही.

आश्रयगृहातून बाहेर पडणाऱ्यांनी आलेप्पोच्या झोपडपट्टीत जाऊन पडावे हे येप्पेबाईंस बरे वाटेना. उर्फ्याजवळच्या डोंगरात जे साधले नव्हते ते त्यांनी पुन्हा आरंभिले. हाजिम पाशा नावाच्या अरब सरदाराशी त्यांचा स्नेह जडला होता. त्याच्या मुलखात, बालिख नदीच्या काठी, तेल समन येथे व आसपास १९२४ पासून आर्मेनियन शेतकऱ्यांच्या वस्त्या बसल्या. जमीन सरदाराची, कष्ट शेतकऱ्याचे, पीक वाटून. ही बालिख हारानच्याच बाजूने वाहते. लाबानाची मेंढरे ज्या रानात चरत ते हेच. पहिल्या वर्षी मंडळी तंबूंत राहिली, मग मातीची घरे झाली. गहू पेरले, पाट काढून भाजीपाला व कलिंगडे लावली. व्यवस्था मिसाक पाही. ज्यांच्या हातून मुले सोडवून आणावयाची त्याच अरबांच्या शेजारी नांगर धरून नांदावयाचे, हे कागदावर अशक्य वाटते. बाईंनी ते केले, कारण त्यांनी सर्व अरबांस एका मापाने मोजले नाही. राष्ट्रसंघाचे साह्य १९२७ च्या सुमारास आटले; पुढे डेन्मार्कमधील आर्मेनियन-मित्रांच्या वर्गणीवर काम चालले.

येप्पेबाईंविषयी मिशनच्या लोकांत एक कुरकूर होती, ती लपविण्याचे कारण नाही. त्यांनी आर्मेनियनांस त्यांच्या प्राचीन मंडळीतून काढून दुसऱ्या पंथात नेण्याचा उद्योग केला नाही. मूल ज्या मंडळीत बाप्तिस्मा पावले त्याच मंडळीत त्याने परत जावे, अशी त्यांची वागणूक होती. आम्ही स्वतः एका मिशनच्या पाठशाळेत शिकलो, आणि आमच्या मंडळीचे सभासद वाढावे असे आम्हांसही वाटते. तरीपण सोळाशे वर्षे ज्या मंडळीने मरण पत्करून नाव सोडले नाही, तिची उरलीसुरली लेकरे तिला परत देणारी शिक्षिका आम्हांस चुकलेली दिसत नाही. वाचकांपैकी कोणास वेगळे वाटेल; तसे वाटण्यास जागा आहे.

वाळवंटाच्या कडेचे ते हवापाणी हिवतापाचे. बाई आलेप्पो व तेल समन ह्यांच्यामध्ये जा-ये करीत, आणि ताप अंगात मुरत गेला. १९३५ च्या उन्हाळ्यात तो बळावला. त्यांस आलेप्पोस आणले, आणि एकोणसाठावा वाढदिवस होऊन सहा दिवस झाले होते तेव्हा, ७ जुलै रोजी, त्या प्रभूच्या ठायी निजल्या. आर्मेनियन लोकांनी त्यांस आपल्या दफनभूमीत जागा दिली.

१९४७ साली त्या शहरातील आर्मेनियन मंडळीने एक उच्च विद्यालय काढले आणि त्यास कारेन येप्पे ह्यांचे नाव दिले.